आमच्या चावडीतला बसऱ्याचा दगड

वाटसरू_पन्हाळा

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात गावी आमच्या जुन्या चावडीची डागडुजी सुरू होती. (पन्हाळा तालुका. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, उगीच भावकीत वाद नकोत.) गवंड्यानं कपाट सरकवून मागचा चुना खरवडला तर आत पांढरा संगमरवर लागला. दोन विती लांब, वीतभर रुंद. वर चुन्याचे इतके हात बसले होते की माझ्या वडिलांच्या पिढीनंसुद्धा तो पाहिलेला नाही. ओला फडका मारल्यावर इंग्रजी अक्षरं दिसली. मजकूर एवढाच: या गावातून २३ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी ५ जणांनी प्राण दिले.

बस्स. नाव एकही नाही.

ठेकेदार म्हणाला, इथं टाइल्स बसवायच्यात, दगड आडवा येतोय. मी पोहोचेपर्यंत तो काढूनही झाला होता, काढताना एक कोपरा उडाला. सध्या माझ्या चुलतभावाच्या गोठ्यात, म्हशीच्या पेंडीच्या पोत्यांवर ठेवलाय.

गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडं गेलो. वय ९१, नजर गेली आहे. दगडावरनं बोटं फिरवली आणि म्हणाले, "ह्ये बसऱ्याचं हाय." तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. बसरा म्हणजे आजच्या इराकातलं बंदर, त्या महायुद्धात आपली माणसं तिथं गेली होती. आमच्या वरच्या आळीत एका घराला 'बसऱ्याचं घर' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, त्यांच्याकडं बसरा मोत्यांची नथ असणार. एकदा त्यांच्या म्हातारीला मी नथ दाखवा म्हणून हट्टही केला होता. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि गुळाचा खडा दिला.

आमच्याही घरातला एक गेला होता. आजीच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ. आजी सांगायची, काही महिने मनीऑर्डर आली, मग आली नाही. पत्र नाही, माणूस नाही. त्याच्या बायकोनं कुंकू कधी पुसायचं हे कुणीच सांगितलं नाही, म्हणून तिनं ते पुसलंच नाही. आजी हे सांगताना रडायची वगैरे नाही. पाऊस किती पडला हे सांगावं तसं सांगायची.

मला दोन गोष्टी हव्यात. ही २३ माणसं कोण, आणि दगडाचं करायचं काय. जाणकारांनी हात लावावा.

तांबडा_पांढरा

भावा, नाद खुळा धागा! दगड गोठ्यातनं हलव पयला. म्हशीनं शिंग घासलं तर उरल्यालं आकडं पण जातील.

आमच्याकडं करवीर तालुक्यात पण असा दगड शाळेच्या व्हरांड्यात हाय. आमी त्येच्यावर बसून डबा खायचो. वाचलाय कुनी!

सुभेदार_निवृत्त

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत २६ वर्षं काढली. बसऱ्याचा विषय आमच्याकडं रंगरूटाला बेळगावातच ऐकवतात, म्हणून चार ओळी.

१९१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहावी पुणे डिव्हिजन मुंबईहून जहाजानं इराणच्या आखातात गेली आणि नोव्हेंबरातच बसरा घेतलं. तेलाच्या विहिरी आणि आबादानची रिफायनरी राखायची, हे मूळ काम. तिथून वर बगदादकडं जायची हाव सुटली. डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या: १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ मराठा. यातली १०३ म्हणजे आजची फर्स्ट मराठा, आमची जंगी पलटण, १७६८ सालची. एप्रिल १९१५ ला बसऱ्याजवळची शैबाची लढाई जिंकली. नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडं सलमान पाकला मात्र लढाई अंगावर आली. माणसं फार पडली आणि डिव्हिजनचा जनरल टाउनशेंड मागं हटत कुत गावात येऊन बसला.

७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कुतला वेढा घातला. तिन्ही बाजूंनी टायग्रिस नदी, चौथ्या बाजूला तुर्क. वेढा १४७ दिवस चालला. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेनं आतल्यांपेक्षा जास्त माणसं गमावली, पण पोहोचता आलं नाही. शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली, त्यातली काही नदीत तर काही तुर्कांच्या हद्दीत. २९ एप्रिल १९१६ ला शस्त्रं ठेवली. १३ हजारांच्या आसपास माणूस कैद झाला, त्यात निम्म्याहून किती तरी जास्त आपला.

आता लोक विचारत नाहीत ती गोष्ट. रसद संपल्यावर घोडी आणि खेचरं कापायला लागले. गोऱ्यांनी खाल्लं. आपल्या पोरांनी शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत तोंडात घेतलं नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली, ती आलीसुद्धा. तरी नाही. परवानगी काशीची असेल हो, पण पंगतीला बसायचं गावात! घोडं खाल्लं हे कळलं तर घरच्या पोरीबाळींची सोयरीक कोण करणार, ही भीती तुर्काच्या गोळीपेक्षा मोठी होती. शेवटी जवाच्या पिठाच्या मूठभर भाकरीवर राहिले. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. शेतातलं गवत, रानपाला शिजवून खाल्ला, त्यात विषारी पाला खाऊनही काही गेले.

शरण गेल्यावर वाळवंटातून पायी चालवलं, बगदाद रेल्वेच्या कामाला लावलं. किती तरी तिथंच राहिले. तुमच्या घरची मनीऑर्डर कुठल्या महिन्यात थांबली ते कुणाला आठवत असेल तर सांगा, अंदाज बांधता येईल.

वाटसरू_पन्हाळा

सुभेदारसाहेब, महिना कुणाला आठवत नाही. आजी एवढंच म्हणायची की शिमग्याला शेवटची आली, पुढच्या शिमग्याला वाट बघणं सोडलं.

बिंदू_चौक

धागा चांगला आहे, पण एक खडा टाकतो. यांना स्वयंसेवक, वीर, हुतात्मे म्हणायची घाई करू नका. लढाई कुणाची होती? इंग्रजांची. तेल कुणाचं? इंग्रजांचं. आपली माणसं ११ रुपये महिन्यावर गेली. ज्यांच्याविरुद्ध लढली ते तुर्क कोल्हापूरच्या कुणाच्या वाकड्यात गेले नव्हते. याला देशसेवा म्हणायचं असेल तर मग स्वातंत्र्यसैनिकांना काय म्हणणार?

सुभेदार_निवृत्त

बिंदू_चौक, शब्द तुमचा घ्या, मला अडचण नाही. पण सक्तीची भरती त्या फौजेत नव्हती. कागदावर प्रत्येक जण आपणहून आलेला. माणूस अकरा रुपयांसाठी गेला म्हणून त्याची भूक खोटी ठरत नाही आणि मरणही नाही. मी स्वतः भरती झालो तेव्हा घरात दीड एकर जिराईत आणि चार भावंडं होती. देशभक्ती पलटणीत शिकलो. आधी पोट होतं.

बिंदू_चौक

कागदावर आपणहून. तेच म्हणतोय. १९१७-१८ मध्ये गावोगाव भरतीचा तगादा कसा होता ते वाचा. मामलेदार, पाटील, सावकार, सगळे मागं लागलेले. आमच्याकडं तर संस्थान. दरबारचा शब्द म्हटल्यावर 'आपणहून' ला किती अर्थ उरतो?

कागदकिडा

दोघंही अर्धे बरोबर आहात असं म्हणणार होतो, पण ते फारच गुळमुळीत होईल. मला बिंदू_चौक यांचा प्रश्न पटतो, निष्कर्ष पटत नाही.

शाहू महाराजांनी भरतीला उघड पाठिंबा दिला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यामागं त्यांचा हिशेब होता. शेतकरी जातींच्या पोरांना शिक्षण, नोकरी, पलटण, जिथून मिळेल तिथून मान आणि पगार मिळावा. नोव्हेंबर १९२१ ला पुण्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडून शिवस्मारकाची आणि मराठा युद्धस्मारकाची पायाभरणी करवून घेतली, ती याच खटपटीतून. गांधीजींच्या असहकाराचा तो काळ, मुंबईत त्याच राजपुत्राच्या आगमनावर बहिष्कार आणि दंगल, आणि त्याच आठवड्यात पुण्यात हा सोहळा. आज आपल्याला अवघड वाटतं. त्यांना वाटलं नसेल.

पण वाटसरूंच्या आजीच्या घरातल्या पोराला यातलं काय ठाऊक होतं? त्याला अकरा रुपये ठाऊक होते. त्याला वीर म्हणा असं कुणी म्हणत नाहीये. नाव शोधा असं म्हणतायत.

वाड्याबाहेरचा

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण दगडावरच्या २३ वर विचारायचं आहे.

त्या २३ मध्ये आमच्या वाड्यातले मोजले होते का?

माझे खापरपणजोबा कागल भागातले. खेचरं हाकायला गेले होते. खेचरावर पाण्याच्या पखाली आणि दारूगोळा, रात्री पुढच्या खंदकापर्यंत नेऊन द्यायचा. बंदूक हातात नाही, गोळ्या मात्र सगळ्यांसारख्याच. १८९० नंतर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. लढाईत माणूस कमी पडला तेव्हा १९१७ ला आठवण झाली, १११ महार पलटण उभी केली. लढाई संपली, १९२१ ला मोडून टाकली. पण त्याआधीपासून आमची माणसं खेचरवाले, डोलीवाले, मजूर म्हणून जातच होती.

मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकात) हिंदुस्थानातून गेलेल्या माणसांत जवळजवळ निम्मी अशी बिनलढाऊ होती. त्यांना इंग्रजीत 'फॉलोअर' म्हणायचे, मागून येणारे. पखाल पुढच्या खंदकात न्यायची आणि नाव मागून येणारा.

आमच्याकडं एक पदक आहे. काळपट, पितळेसारखं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर नागडा माणूस. चाळीतली पोरं हसायची म्हणून वडील ते ट्रंकेच्या तळाशी ठेवायचे.

कागदकिडा

वाड्याबाहेरचा, ते पदक जपा, फार मोलाचं आहे. ब्रिटिश वॉर मेडल. शिपायांना ते चांदीचं मिळायचं आणि मजूर, खेचरवाल्यांना ब्राँझचं. धातूतसुद्धा जात पाळली म्हणा हवं तर. भिंग घेऊन कडेवर बघा. पदकाच्या काठावर नाव आणि तुकडी ठोकलेली असते.

तांबडा_पांढरा

चांदीचं म्हनलासा म्हनून आठवलं. आमच्या आज्ज्याच्या चुलत्याचं व्हतं. बहात्तरच्या दुष्काळात गुजरीत सोनाराकडं नेऊन मोडलं. आत्याच्या जोडव्यात ग्येलं. त्येच्यावर नाव व्हतं काय म्हायत न्हाय, व्हतं तर आत्याच्या पायात व्हतं.

वाड्याबाहेरचा

कडेवर नाव आहे! अक्षरं झिजलीत, पण आहे. आडनावाच्या जागी काही नाही, नुसतं नाव आणि आकडा. मुलीनं मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं.

चांदीचं असतं तर आम्हीपण मोडलं असतं. ब्राँझला गुजरीत कोण विचारतंय, म्हणून राहिलं.

भुदरगडी

विसरलेल्या लढायांचं निघालंय तर आमच्या भागातली १८४४ ची कशी विसरता? गडकऱ्यांचं बंड. सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, मग भुदरगड, मग पन्हाळा-पावनगड. पिढ्यान्‌पिढ्या गड राखणाऱ्यांची वतनं नव्या कारभारात मामलेदाराच्या हाताखाली आली, त्यावरून पेटलं. बेळगावहून तोफा आल्या, ऑक्टोबरात सामानगड पडला, १ डिसेंबर १८४४ ला पन्हाळा. पुढं गडांचे बुरूज पाडले, गडकऱ्यांची चाकरी संपली. मला नेहमी वाटतं, ज्यांचे आजे इंग्रजांच्या तोफांपुढं तटावर उभे होते, त्यांचीच नातवंडं-पतवंडं इंग्रजांसाठी बसऱ्याला गेली असणार. पन्हाळा तालुक्यातली तर नक्कीच.

बिंदू_चौक

हाच तर माझा मुद्दा! सत्तर वर्षांत माणूस तटावरून खंदकात कसा आला? तट पाडले, वतन काढलं, मग अकरा रुपयांची नोकरी दाखवली. 'आपणहून'.

संपादक

१८४४ वर वेगळा धागा काढावा, विषय मोठा आहे. इथं चावडीच्या दगडाबद्दल बोलू.

आक्काची_नात

सगळं वाचतेय आणि छातीत धडधडतंय, कारण आमच्या देव्हाऱ्यात एक वस्तू आहे.

माहेर राधानगरी तालुक्यात. देव्हाऱ्यात जोतिबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि मागं भिंतीला टेकवलेली एक जाड, गोल, जड तबकडी. पुरणपोळीच्या लाटीएवढी. तिच्यावर एक बाई उभी, डोक्यावर टोपासारखं काही, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात हार, आणि पुढ्यात सिंह. आमची आक्का (आजीला आम्ही आक्का म्हणायचो) तिला अंबाबाईच मानायची. त्रिशूळ आहे, सिंह आहे, आणखी काय पाहिजे? नवरात्रात तिला कडाकण्या, खंडेनवमीला झेंडूची माळ. शंभर वर्षांचं हळदकुंकू, तूप, धूप यांचा थर इतका की बाईचं तोंड दिसत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलानं विचारलं, आज्जी, या देवीनं हेल्मेट का घातलंय? आई त्याच्यावर ओरडली होती.

ही तबकडी आमच्यात कुठून आली हे आईला माहीत नाही. "तुझ्या आक्काच्या सासूच्या वेळेपास्नं हाय" एवढंच. फोटो व्यनिनं (खासगी निरोपानं) पाठवते, कागदकिडा, बघता का?

कागदकिडा

फोटो पाहिला. काय लिहू कळत नाही.

ती अंबाबाई नाही, ब्रिटानिया आहे. इंग्रजांची राष्ट्रदेवता म्हणा. पहिल्या महायुद्धात जो मेला त्याच्या घरी सरकारनं ही ब्राँझची तबकडी पाठवली, जवळपास १२ सेंटिमीटर व्यासाची. इंग्लंडात लोक तिला कडवटपणे 'मेलेल्याचा पैसा' म्हणायचे, कारण दिसायची त्यांच्या पेनी नाण्यासारखी. हिंदुस्थानातल्या घरांतही ती आली. काठाला इंग्रजीत लिहिलेलं असतं की तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. (बिंदू_चौक, आत्ताच काही लिहू नका.)

मुख्य म्हणजे सिंहाच्या वर उजवीकडं एक चौकट असते. तिच्यात मेलेल्याचं नाव उठावात ओतलेलं असतं. हुद्दा नाही, पलटण नाही, नुसतं नाव. सुभेदार काय, शिपाई काय, जनरल काय, सगळ्यांना सारखं.

चावडीतल्या दगडावर नाव नाही. बसऱ्याजवळ मोठं स्मारक आहे, ४० हजारांहून जास्त बेपत्ता सैनिकांचं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, आपल्या शिपायाचं नाही. आपल्यापैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं, बाकी पलटणीच्या नावाखाली इतके-इतके, असा आकडा. २०२१ मध्ये वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) स्वतःच चौकशी करून हा भेदभाव मान्य केला, ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांवर नावं आहेत, पण ती बहुतेक वायव्य सरहद्दीची आणि अफगाण लढाईची.

म्हणजे त्या माणसाचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेली एकच वस्तू त्याच्या घरी आली, आणि ती घरानं कुंकवाखाली ठेवली. ताई, चिंच लावा.

आक्काची_नात

आईला फोन केला. म्हणाली, देवीला चिंच मी लावीन, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि अमावास्या झाल्यावर.

सुभेदार_निवृत्त

आईंना माझा नमस्कार सांगा. घाई करू नका.

रंकाळा_कट्टा

थोडं अवांतर वाटेल. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा पोलिश कॅम्प सगळ्यांना माहीत आहे. १९४३ ते ४८, पाच हजारांच्या आसपास पोलंडचे निर्वासित, बहुतेक बायका-मुलं. महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्तंभ आहे. २०१९ ला पोलंडची माणसं येऊन मोठा कार्यक्रम झाला. तिकडं वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. आम्हाला अभिमान आहेच. पण वॉर्सातल्या माणसानं कोल्हापूरची आठवण दगडात कोरावी आणि आपल्या चावडीतला दगड टाइल्ससाठी निघावा, याचं काय करायचं?

बिंदू_चौक

पोलिश लोकांनी आठवण ठेवली, कारण ते जिवंत परत गेले आणि पोराबाळांना सांगत राहिले. बसऱ्याहून सांगायला कोण आलं? जे आले तेही गप्प बसले. एक तर घोडं खाल्लं की नाही हे कुणी विचारू नये म्हणून, आणि वीस वर्षांनी वारं फिरल्यावर इंग्रजांची चाकरी केली हे कुणी विचारू नये म्हणून. मी वर खडा टाकला तो मागं घेत नाही. पण कपाट दगडापुढं आपोआप आलेलं नाही, एवढं मला धागा वाचून कळलं. कुणी तरी मुद्दाम सरकवलं असणार.

वाटसरू_पन्हाळा

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ९१ च्या आजोबांना परत विचारलं. ते म्हणाले, बेचाळीसच्या चळवळीत पोरांनी दगड फोडायला घेतला होता. बसऱ्याच्या घरातली म्हातारी आडवी आली. मग तडजोड म्हणून चुना फासला. कपाट नंतरचं. म्हणजे चुना दगड लपवायला होता आणि वाचवायलाही.

मला गूळ देणारी म्हातारी ती नव्हे, तिची सून.

तांबडा_पांढरा

अंगावर काटा आला भावा.

कागदकिडा

आता कामाचं. वाटसरू, पाच मेलेल्यांची नावं मिळण्याची आशा आहे. जिवंत परतलेल्या अठरांचं अवघड. पंजाबातल्या ३ लाख २० हजार जवानांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये सापडली आणि ती संगणकावर आली, तसं नशीब आपलं नाही.

वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मेलेल्यांची यादी फुकट बघता येते. दगडावर नुसता आकडा कोरला तरी त्यांच्या वह्यांत नावं होती. किती तरी नोंदींना बापाचं नाव, गाव, तालुका जोडलेला आहे. गोची स्पेलिंगची. 'मराठा' असं साधं टाकलंत तर काही मिळणार नाही. त्या काळचं स्पेलिंग घाला, मध्ये एच आणि दोन टी: 'महरट्टा'. नाव शोधत बसू नका, आधी पलटण निवडा: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. मग वर्ष. मग जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गाव. कारकून गोरा किंवा मद्रासी, सांगणारा आपला रांगडा गडी, नाव घेताना मधे वाऱ्याचा आवाज. 'वाडी' चं 'वारी' होतं, 'ळ' चं कधी एल कधी आर. मोठ्यानं वाचून बघा, डोळ्यांनी वाचू नका. कोल्हापूरचं पुरालेखागार हा दुसरा रस्ता, पण तिथं मोडी वाचणारा सोबत न्या.

वाड्याबाहेरचा

मजूर आणि खेचरवाल्यांना पलटण नसते. त्यांच्यासाठी खेचरांची तुकडी, लेबर कोअर, डोलीवाले असं वेगळं शोधावं लागतं. वाटसरू, तुमच्या पाचांतले सगळे पलटणीत सापडले नाहीत तर तिकडं बघा. मी मदत करतो. आठवडाभर तेच करतोय, आता डोळ्यांना सवय झाली.

आक्काची_नात

अमावास्या झाली. आईनं काल सकाळी अंघोळ करून ओल्या पदरानं ती तबकडी खाली घेतली. चिंच, रांगोळी, गरम पाणी. तीन वेळा. पहिल्या वेळी नुसतं लाल पाणी निघालं. दुसऱ्या वेळी सिंहाची आयाळ आली. खाली समुद्रातले मासे पण आहेत, आणि अगदी तळाला छोटा सिंह एका पक्ष्यावर बसलेला. तिसऱ्या वेळी चौकट.

नाव आहे. इंग्रजीत आहे, पण आमचंच आडनाव आहे. ते इथं लिहीत नाही, घरच्यांना आधी सांगायचंय, फोन चाललेत. आक्काच्या सासूचा मोठा मुलगा. आक्काच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, थोरला भाऊ. तो होता हेच आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आम्ही आजोबांना थोरले समजत होतो.

म्हणजे आक्काच्या सासूला माहीत होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण पोस्टमननं हातात काय दिलं ते माहीत होतंच ना? तिनं मुलगा देव्हाऱ्यात ठेवला आणि सुनेला सांगितलं, देवी आहे. की सुनेनंच तसं समजून घेतलं? आता कुणाला विचारू?

आई बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, "मग आता ह्येला भिंतीवर लावायचं, का हितंच?" मी म्हटलं तू सांग. तिनं पुसून परत देव्हाऱ्यात ठेवलं, होतं तिथंच. कुंकू लावलं, पण ह्या वेळी चौकट सोडून लावलं.

सुभेदार_निवृत्त

सलाम.

कागदकिडा

ताई, नाव व्यनिनं द्या. पलटण शोधू.

वाटसरू_पन्हाळा

उशिरा येतोय, गावीच होतो.

दगड गोठ्यातून हलवला. ग्रामपंचायतीनं चावडीत जागा नाही म्हटलं, मग मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी व्हरांड्यात द्यायचं कबूल केलं. गवंडी तोच, त्यानं मजुरी घेतली नाही. उडालेला कोपरा तसाच ठेवलाय.

पाचांपैकी दोन सापडले. दोघेही ११० वे, दोघांची नोंद १९१६ ची. एक बसऱ्याच्या घरातला, बापाचं नाव जुळलं. दुसरा आमचा आहे असं वाटतं, पण बापाच्या नावात घोळ आहे. तिसरा वाड्याबाहेरचा यांनी शोधून दिला, खेचरांच्या तुकडीत. आमच्या गावाच्या खालच्या वाड्यातला. ते घर अजून आहे. मी परवा गेलो तर त्या घरातले म्हणाले, आम्हाला माहीत होतं, कुणी विचारलं नव्हतं.

उरले दोन. एका नोंदीत तालुका पन्हाळा आहे, पण गावाचं नाव मी पन्नास वेळा मोठ्यानं वाचलं तरी लागत नाही. 'पी' नं सुरू होतं, मध्ये 'आर' आहे, शेवटी 'वारी'. आमच्या शिवारात पूर्वी एक वस्ती होती, प्लेगात उठून गेली असं म्हणतात. तिचं नाव कुणाच्या आजी-आजोबांना आठवतं का? कासारी नदीच्या अंगाला होती. व्यनि करा.